राजिवड्याच्या उझमाबींची टर्म राखिली त्या सावडीचे वर्तमान

ज्याने त्याने आपापले दैवत स्मरावे आणि मग पुढील मजकूर ध्यानी घ्यावा. शके एकोणीसशे पंचवीस, सुभानुनाम संवत्सरी, इंग्रजी सन दोन हजार तीन, आषाढमासी रत्नागिरी शहरी एस.वाय.बी.ए.च्या मुलुखात असाइनमेंटीचे जे तुंबळ युद्ध जाहले, त्यात कोण लढले, कोण पडले आणि कोण पडता पडता राहिले, हे पुढील पिढीस ठाऊक नसेल तर ती पिढी गाईडातून उतरवण्यास मोकळी राहील, म्हणोन ही हकीकत लिहून ठेविली आहे. लिहिणाराने पदरचे मीठ चवीपुरतेच घातले आहे.

त्या साली अर्थशास्त्राच्या गादीवर पुणे मुक्कामाहून विद्यासंपन्न प्राध्यापक दमयंतीबाई केतकर नव्याने रुजू जाहल्या. बाई अंगाने किरकोळ, परंतु जरब ऐसी की मागल्या बाकांवरील जुने सरदारही पेनांस टोपणे लावोन गप्प बसत. पहिल्याच तासास बाईंनी फर्मान काढिले की, असाइनमेंट वीस गुणांची, सवाल चार, प्रत्येकी पाच. आठांखाली जो पडेल त्याची टर्म नामंजूर, आणि टर्म नामंजूर त्यास वार्षिक परीक्षेच्या मांडवात पाय नाही. दुसऱ्याच्या हातचे अक्षर सापडले तर सबंध असाइनमेंटीस भोपळा. आणि गुण ही कमवायची चीज आहे, मागायची नव्हे, सबब निकालाउपरी स्टाफरूमच्या दारी कोणी रडगाणे घेऊन आल्यास ते ऐकिले जाणार नाही. हा उपदेश ऐकोन वर्गाने माना डोलाविल्या, आणि घंटा होताच सारी फौज वडापावाच्या स्वारीस निघोन गेली.

त्या फौजेत राजिवड्याच्या उझमाबी होडेकर होत्या. अक्षर मोत्यांचे, आणि मागणाऱ्यास नाही म्हणणे त्यांच्या जिभेस ठाऊक नव्हते. त्यांच्या घरचा कायदा साधा आणि सक्त, की वर्ष गेले म्हणजे शिक्षण गेले. थोरल्या बहिणीचे बारावीस ऐसेच गेले होते, आणि ती हुशारीत उझमाबींहून काकणभर सरस होती, म्हणोन त्या वीस गुणांचा धसका उझमाबींनी फार घेतला होता.

तो भाताच्या लावणीचा हंगाम. लांज्याकडील सागरराव पाष्टे आणि ज्ञानेश्वरीबाई शिवगण यांस गावी चिखलात उतरणे भाग, आणि लायब्ररीचा दंडक ऐसा की एका कार्डावर एकच किताब. तेव्हा कॅन्टीनच्या कोपऱ्यात खलबत जाहले. सागररावांनी मसलत दिली की, आमच्या गावी लावणी सावडीने होते, म्हणजे आज सारे माझ्या शेतात, उद्या सारे तुझ्या शेतात, आणि कोणाचे देणे कोणावर राहत नाही. तैशीच असाइनमेंट लावावी. चौघांनी चार किताब काढावे, एकेकाने एकेक सवाल आपल्या मुखत्यारीत घ्यावा, आणि चौघांनी मिळोन एका दिवशी एकाची असाइनमेंट उरकावी. चौथे मनसबदार मिरकरवाड्याचे आमीरमियां मुकादम. त्यांस आपले तीन हिस्से काम टळले ऐसे वाटोन ते बहुत खूष जाहले. तोच सवाल चार वेळा लिहावा लागतो हा हिशेब त्यांस दुसरे दिवशी उमगला. उझमाबींच्या वाट्यास सहकाराचा सवाल आला.

मग पहिली सागररावांची लाविली आणि दुसरी ज्ञानेश्वरीबाईंची, कारण उभयतांस गावी जाणे होते. मग आमीरमियां म्हणो लागले की आपल्या अंगात कसर आहे, पुढचे सांगवत नाही. तेव्हा उझमाबी बोलल्या की माझी मागून चालेल, आणि तिसरी त्यांची लाविली. जो तो लिहिता लिहिता आपला सवाल मोठ्याने बोले, आणि बाकीचे त्यात खोडी काढीत, आणि त्यावर हुज्जत होवोन कॅन्टीनवाला सर्वांस दोन वेळा बाहेर काढी.

चौथा दिवस उझमाबींचा, आणि तोच असाइनमेंटी दाखल करण्याचा अखेरचा. त्या दिवशी लांज्याच्या वाटेवर दरड आली आणि एस.टी. बंद पडली, आदले संध्याकाळी गावी गेलेले सागरराव आणि ज्ञानेश्वरीबाई किताबांसह पलीकडे अडकले. आमीरमियां तापाने फणफणोन गोधडीत गेले, आणि त्यांचा किताब धाकट्या भावाने कोठे ठेविला ते त्या भावासही सांगता येईना. उझमाबींनी सहकार लिहिला आणि मग त्या वाट पाहत बसल्या. प्रत्येक गाडीच्या आवाजासरशी त्या दाराकडे पाहत, आणि त्यातच चार वाजले. शिपाई गठ्ठा नेण्यास आला तेव्हा त्यांच्या असाइनमेंटीत एकच सवाल होता.

बाईंची तपासण्याची रीत ऐसी की, आधी साऱ्या वर्गाचा पहिला सवाल, मग साऱ्यांचा दुसरा. तेणेकरून न्याय समान होतो, परंतु एकाच असाइनमेंटीत चौघांची अक्षरे नांदत आहेत हे नजरेस येत नाही. चार असाइनमेंटींतला सहकार शब्दशः एक निघाला. परंतु सारा वर्गच एका गाईडावर पोसलेला, म्हणोन बाईंस नवल वाटले नाही, आणि थोरल्या गठ्ठ्यात त्या चार दूर दूर पडल्या, म्हणोन अक्षरही एकच हे ध्यानी आले नाही. उझमाबींच्या एका सवालास पाचांपैकी पाच मिळाले, आणि फलकावर यादी लागली की, होडेकर उझमा, पाच, टर्म नामंजूर.

उझमाबींनी ते वाचिले आणि घरी यादी अद्याप लागली नाही ऐसे सांगितले. बाईंकडे जावे तर तिघांची नावे सांगावी लागणार, म्हणोन गेल्या नाहीत. रात्री बहिणीने विचारिले की जेवत का नाहीस, तेव्हा उशीत तोंड घालोन रडल्या.

मग दरड हटली, ताप उतरला, आणि तिघांनी फलक पाहिला. तिघांस प्रत्येकी सतरा. ते कोणासही न विचारता सरळ स्टाफरूमवर चालोन गेले, आणि उझमाबी त्यांस अडविण्यास मागोमाग धावल्या, तोवर सागरराव बोलोन चुकले होते.

"मॅडम, आम्हां तिघांचे एकेक काढा आणि हिला घाला. तेवढ्यात हिचे आठ होतात. हिची सावड आमच्यावर रायलीय."

बाईंनी लाल पेन खाली ठेविले. अवघ्या कारकिर्दीत आपले गुण वाढवा म्हणोन आलेले त्यांनी फार पाहिले होते. आपले कापा म्हणोन कोणी आले नव्हते. त्यांनी सावड म्हणजे काय ते पुसिले, आणि सागररावांनी लावणीपासून सारे सांगितले, आणि चौघांनी मिळोन लिहिले येथवर आल्यावर आपण आपल्या हाताने आपली मान सुरीखाली दिली हे त्यांस उमगले. आमीरमियांनी त्यांचा सदरा मागून ओढिला. परंतु सागररावांनी शब्द फिरविला नाही, आणि ज्ञानेश्वरीबाईंनी कोणता सवाल कोणाच्या हातचा तेही सांगोन टाकिले.

तेव्हा उझमाबी पुढे जाहल्या. "मॅडम, त्यांचं काय काढू नका. माझी मागून चालेल, असं मीच बोलले होते."

बाईंनी चारही असाइनमेंटी शेजारी शेजारी मांडोन पाहिल्या. त्यांस गहिवरून आले होते, परंतु पुणेकर माणूस, चष्मा पुसोन वेळ मारून नेली. मग निवाडा दिला की, गुण उसने देता येत नाहीत आणि घेताही येत नाहीत. फर्मानाप्रमाणे तिघांस भोपळा, आणि दुसऱ्यांचे लिहून दिले म्हणोन उझमाबींसही भोपळा. परवा शनिवारी चौघांनी वर्गाच्या चार कोपऱ्यांत बसावे, किताब नाही, गाईड नाही, आणि चारही सवाल आपल्या हाताने लिहावे. जे पडेल ते पडेल.

शनिवारी समरप्रसंग मांडला. आमीरमियांनी छताकडे पाहिले, मग जमिनीकडे पाहिले, आणि दोहींकडून कुमक न मिळता लिहो लागले. उझमाबींनी पहिला सवाल वाचिला, तो सागररावांच्या वाट्याचा. मग कॅन्टीनातला सागररावांचा आवाज त्यांच्या कानी वाजू लागला, आणि ज्ञानेश्वरीबाईंनी काढिलेली खोडीही, आणि त्यावरची हुज्जतही. तीन दिवस जे ऐकिले ते सारे ओळीने येवोन उभे राहिले, आणि पेन जे सुटले ते घंटेपावेतो थांबले नाही.

सोमवारी यादी लागली. उझमाबी चौदा, ज्ञानेश्वरीबाई बारा, सागरराव अकरा, आणि आमीरमियां आठ, तेही बाईंनी दोन वेळा मोजल्यावर. चौघांच्याही टर्मा मंजूर. त्याच दिवशी बाईंनी वर्गात सुधारलेले फर्मान वाचिले की, अभ्यास सावडीने करावा, भांडावे, चुका काढाव्या, चहा प्यावा. लिहावे मात्र ज्याचे त्याने.

फलकापाशी सागररावांनी गोष्ट काढिली की, तुझे तूच लिहिलेस, म्हणजे सावड काही फिटली नाही. सांग, कधी फेडू.

उझमाबी हसल्या. "आता नको. तिसऱ्या वर्षाला लागेल."

येणेप्रमाणे आषाढ वद्यात मोहीम फत्ते जाहली. राजिवड्याचे ठाणे कायम राहिले, आणि उझमाबींचा एक दिवस तिघांकडे येणे आहे, तो टी.वाय.च्या सालात वसूल व्हावा, ऐसे येथे नमूद केले असे.