व्हर्नियर आणि क्रोसाँ

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, फ्रान्समधल्या एका लहान गावातल्या बेकरीत, दामोदर गव्हाणे यांनी खिशातून व्हर्नियर काढला आणि क्रोसाँची जाडी मोजली. ती बावन्न मिलिमीटर भरली. त्यांनी आकडा वहीत लिहिला, क्रोसाँ उलटं करून बूड पाहिलं आणि म्हणाले, "पार्ट बरा हाय."

मी शेजारी उभा होतो. माझ्या हातातलं क्रोसाँ तोवर अर्धं संपलं होतं.

गव्हाणे चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहेत, मी तिथेच उत्पादन विभागात. कंपनीने एक प्रेस मशीन विकत घेतलं होतं. ते जहाजावर चढण्याआधी तपासायला आम्हा दोघांना बारा दिवसांसाठी पाठवलं होतं. दौऱ्याचा अहवाल लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे इथल्या वेळा नोंदीतल्या आहेत.

गव्हाणेंनी कशालाही 'छान' म्हटल्याचं कंपनीत कोणाला आठवत नाही. एका लग्नात वरबापाने जिलबी कशी झाली विचारलं, तेव्हा त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि "आकार एकसारखा न्हाई" असं सांगितलं. सहकाऱ्याचं बाळ बघायला गेले, तेव्हा आधी वजन विचारलं आणि मग म्हणाले, "टॉलरन्समध्ये हाय," म्हणजे चालण्याजोग्या फरकात. कोणी नाराज झालं तर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे: "मोजल्याबिगर बोलू नये."

ते चाकणजवळच्या कुरुळीत राहतात. घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या पत्नी शोभाताई भट्टी चालवतात. पहिल्या शिफ्टची निम्मी माणसं त्यांची खारी चहात बुडवून कामावर जातात. गव्हाणे स्वतः ती पंधरा वर्षं खात आले आहेत आणि पंधरा वर्षं त्यांचा अभिप्राय "स्पेकमध्ये हाय" एवढाच आहे.

हायवेवरच्या एका कॅफेत शोभाताईंनी क्रोसाँ खाल्लं आणि घरी येऊन सांगितलं की ही खारीचीच बहीण आहे. त्यानंतर आठ महिने त्या ते करून बघत होत्या. बाहेरून रंग यायचा, आतून मात्र पाव निघायचा. आम्ही निघालो त्या दिवशी विमानतळाची गाडी आधी कुरुळीत थांबली. शोभाताई पिठाच्या हातानेच दारात आल्या.

"तुमी नीट बघून या," त्या म्हणाल्या. "पोटात भोकं कशी पडत्यात, माझं कुठं चुकतंय, ते बघा. खाऊन नुसतं छान म्हणून येऊ नका."

"मी कधी म्हनलोय का?"

"न्हाई म्हनलात. तेच तर."

गाडी सुटली. वाकडपर्यंत गव्हाणे वहीत रकाने आखत होते: ठिकाण, जाडी, थर, चव.

मीही तयारी केली होती. संत तुकाराम नगरहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये चार महिने फोनवर फ्रेंच शिकलो होतो. बेकरीत पहिल्या दिवशी मी एक अख्खं वाक्य बोललो. बेकरीवाल्या बाईंनी इंग्रजीत उत्तर दिलं.

गव्हाणेंनी नुसता ट्रे न्याहाळला, त्यातलं सगळ्यांत लहान क्रोसाँ चिमट्याने उचललं आणि डावीकडे बाजूला ठेवलं. आमच्याकडे नापास पार्ट डावीकडे ठेवतात, लाल डब्यात. वीस वर्षांची सवय. बाईंचा समज वेगळा झाला. परदेशी पाहुण्याने संकोचाने स्वतःसाठी लहान नग निवडला, असं त्यांना वाटलं. त्यांनी तो परत ठेवला आणि गव्हाणेंच्या हातात सगळ्यांत मोठं क्रोसाँ दिलं. दुसऱ्या दिवशीही हेच झालं. गुरुवारपासून त्या त्यांचं क्रोसाँ फडक्याखाली वेगळं राखून ठेवू लागल्या. मी रांगेत उभा राहून घेत होतो.

रोजचा क्रम ठरला. गव्हाणे मोजत, सुरीने मधोमध कापत, आतले थर सुईने मोजत आणि वहीत लिहीत. मग एक अर्धा भाग माझ्यापुढे सरकवत. "घ्या राव, तपासून झालंय." दुसरा अर्धा कागदात बांधून खोलीवर नेत. तिथे निवांत खात असतील, असं मी धरून चाललो होतो.

मी बदामाचं खाल्लं, चॉकलेटचं खाल्लं, सफरचंदाची पातळ फोड लावलेली टार्ट खाल्ली. लोण्याचा वास दुपारपर्यंत बोटांना असायचा. सगळं उत्तम होतं. पण मी खात असताना बाई गव्हाणेंच्या वहीत डोकावत असत. मला गव्हाणेंचा हेवा वाटत होता. अहवालात त्याला रकाना नव्हता.

सहाव्या दिवशी बाईंनी वहीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. प्रश्न मला समजला. उत्तराचं क्रियापद मी मनात जुळवत होतो, तेवढ्यात गव्हाणेंनी फोनवरचा फोटो पुढे केला. त्यात भट्टीपुढे शोभाताई, कोपरापर्यंत पीठ, हातात चपट्या क्रोसाँचा ट्रे. बाईंनी फोटो मोठा करून ट्रेच बघितला. मग गव्हाणेंचं मनगट धरलं आणि त्यांना आत घेऊन गेल्या.

मला आत बोलावलं नाही. मी पंचवीस मिनिटं बाहेर उभा होतो.

गव्हाणे आले तेव्हा शर्टाला पीठ लागलं होतं. "भट्टीचा दोष न्हाई," ते म्हणाले.

"मग कशाचा?"

"लोण्याचा. खारीचा डालडा निभावतो, लोणी न्हाई निभावत. आपल्या पत्र्याखाली ते वितळून पिठात मुरतंय. थर सुटणार कसं? ह्या बाई एकदा लाटलं की परत थंडीत ठेवत्यात. शोभाच्या हाताचा दोष न्हाई."

शेवटचं वाक्य त्यांनी वहीतही लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. मग दाराबाहेर जाऊन कुरुळीला फोन लावला.

परत येताना मी पत्नीसाठी फ्रिजला लावायचं चुंबक आणलं. "तिकडचं खायला काही नाही आणलं?" तिने विचारलं. टिकत नाही, असं मी सांगितलं.

दोन दिवसांनी, सुटीच्या दिवशी सकाळी साडेआठला, मी अहवालावर गव्हाणेंची सही घ्यायला कुरुळीला गेलो. शेडमध्ये शोभाताईंनी लाटायचं टेबल फ्रिजशेजारी ओढलं होतं. पत्रा तापायच्या आत त्यांनी लाटून घेतलं होतं. ट्रे नुकताच भट्टीतून बाहेर आला होता.

गव्हाणेंनी गेजची, म्हणजे मशीन तपासायला नेलेल्या मापांची, पेटी आणून उघडली. गेज मात्र पायमोज्यांत गुंडाळून बॅगेतून आले होते. पेटीतल्या फोमच्या खाचांत कागदात बांधलेले अकरा अर्धे तुकडे होते, प्रत्येकावर तारीख घातलेली. बाराव्या दिवसाचं क्रोसाँ अख्खं होतं.

"ह्यो मास्टर पीस," ते म्हणाले. आमच्याकडे पास झालेला पहिला नग कपाटात जपून ठेवतात आणि पुढचे सगळे त्याच्याशी ताडून बघतात.

शोभाताईंनी त्यावर नखाने टकटक केलं. ते वाळून खारीसारखं झालं होतं. "चवीला कसं होतं?"

"काय ठावं."

"म्हंजी?"

"मी न्हाई खाल्लं."

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाल्लं, असं मी सांगितलं.

"तुमचं दिसतंयच, भावजी," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "बारा दिस तिथं ऱ्हाऊन एक घास न्हाई?"

"चवीच्या रकान्यात दोन सह्या लागत्यात," गव्हाणे म्हणाले. "एकट्याची चालत न्हाई."

शोभाताईंनी मास्टर पीसचे दोन तुकडे केले, एक नवऱ्याला दिला आणि एक स्वतः तोंडात टाकला. दोघांनी बराच वेळ चावलं. त्यानंतर शोभाताईंनी आपल्या ट्रेमधलं एक क्रोसाँ मधोमध मोडलं. आत भोकं होती. एका बाजूला मोठी, दुसऱ्या बाजूला बारीक.

व्हर्नियर गव्हाणेंच्या खिशात होता. तो त्यांनी काढला नाही. अर्धं क्रोसाँ उभ्या उभ्या खाल्लं, हात पुसले आणि वही उघडली.

मी सहीसाठी शेजारीच उभा होतो, त्यामुळे पान मला दिसत होतं. चवीच्या रकान्यात बारा ओळी कोऱ्या होत्या. तेराव्या ओळीत त्यांनी ठिकाण लिहिलं, कुरुळी. जाडीचा रकाना रिकामा सोडला. चवीच्या रकान्यात लिहिलं, 'छान', आणि पुढे सही केली.

शोभाताईंनी पेन मागितलं आणि त्याखाली आपली सही केली. तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.