डाव्या हाताची आकृती

राजेंद्रच्या कागदावरची ट्रॉली तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा सुपरवायझर अतुलनं तिच्याखाली लाल पेनानं लिहिलं होतं, ‘म्हैस गाभण आहे का?’

नवलाख उंबरे गावच्या त्या कारखान्यात प्रत्येक कामगारानं महिन्याला एक सुधारणा सुचवायची असा नियम होता. कागदावर दोन चौकटी असत, ‘आधी’ आणि ‘नंतर’. आत मोबाइल नेता येत नसे, त्यामुळे फोटोचा प्रश्न नव्हता. चित्रं हातानंच काढायची. राजेंद्रची कल्पना चांगली होती. सुट्या भागांची ट्रॉली वीतभर उंच केली की माणसाला मिनिटामिनिटाला वाकावं लागणार नव्हतं. सगळ्यात चांगली सुधारणा सुचवणाऱ्याला लाइन लीडरची जागा मिळणार होती, आणि लाइन लीडरला खुर्ची होती. नऊ वर्षं रोज आठ तास उभं राहून राजेंद्रचा गुडघा आता नुसता जिना दिसला तरी दुखायचा.

सुदुंबऱ्याला घरी आल्यावर त्यानं कागद आठवीतल्या लेकीपुढं, राजेश्वरीपुढं टाकला. “हे जरा नीट काढून दे गं.”

“आणि माझा चित्रकलेच्या परीक्षेचा फॉर्म सही न करता कोणी परत पाठवला?”

“ते येगळं. तितं गणिताचा क्लास बुडतो.”

“मग गणितानं काढा ट्रॉली.”

त्याची बायको कोमल चुलीपासून न उठता म्हणाली, “करा सही. म्हशीपरीस सही बरी येती तुमाला.”

राजेंद्रनं सही केली. राजेश्वरीनं पेन्सिल घेतली आणि विचारायला सुरुवात केली. ट्रॉलीला चाकं किती? कडा गोल की धारदार? हात घातला की कोपर कुठं येतं?

“चार चाकं. का... चारच असतील.”

“नऊ वर्षं बघताय ना पप्पा?”

“बघतुया कुटं? काम करतुया.”

दुसऱ्या दिवशी त्यानं पाळीभर ट्रॉली न्याहाळली. चाकं सहा निघाली.

राजेश्वरीचं चित्र बघून अतुल खुर्चीतून उठला. “राजूभाऊ, एवढी कला लपवून ठेवली होती! गुरुवारी कंपनीचे पाहुणे येतायत. त्यांच्यासमोर फळ्यावर काढून दाखवा. लीडरचं नाव तिथंच जाहीर करू.”

गुरुवारी सकाळी राजेंद्रनं उजव्या हाताला पट्टी बांधली. हात दुखावला, चित्र टळलं, खुर्ची शाबूत. हिशेब बरोबर होता. फक्त त्यात गेटवरचा वॉचमन धरलेला नव्हता. त्यानं पट्टी पाहिली आणि सुरक्षा अधिकारी जाहिदा मॅडमना फोन लावला.

“घरी लागलं असेल तर आजच्या दिवस घरी जा,” मॅडम म्हणाल्या. “अशा हातानं आत सोडता येत नाही.”

घरी गेलं तर नाव दुसऱ्याचं जाहीर होणार. “न्हाई, न्हाई मॅडम, हितंच लागलं,” राजेंद्र घाईनं म्हणाला. “काल. ट्रॉलीला.”

कारखान्यात लागणं ही एकट्याची गोष्ट नसते. लगेच लाइन बंद झाली. पाहुणे आले आणि त्यांनी चाळीस मिनिटं बंद लाइन पाहिली. अतुलनं राजेंद्रकडं एकदाच पाहिलं. मॅडमनी टेबलावर अपघाताचा फॉर्म ठेवला. शेवटचा रकाना होता : ‘अपघात कसा घडला? आकृती काढा.’

“मॅडम, पण हात...”

“डावा आहे ना?”

डाव्या हाताला घाई जमत नाही. एक रेघ काढायची, मान वर करून ट्रॉलीकडं बघायचं, मग पुढची रेघ. सहा चाकं आली. खण आले. एका कोपऱ्यात पत्र्याची कड बाहेर आलेली होती, तीही आली. आता ती बोटांच्या खाली होती. ट्रॉली वीतभर उंच केली की बरोब्बर मनगटापाशी येणार होती. राजेंद्रची पेन्सिल तिथंच थांबली. खूप वेळानं त्यानं कडेभोवती गोल काढला.

मॅडम कागद घेऊन ट्रॉलीपाशी गेल्या. कडेवरून त्यांनी फडकं फिरवलं. फडकं टर्रकन फाटलं.

“सुधारणा रद्द,” त्या म्हणाल्या. “पण बघणारा माणूस पाहिजे होता मला.”

संध्याकाळी राजेंद्र उंबऱ्यावर पाय लांब करून बसला.

“मिळाली का खुर्ची?” कोमलनं विचारलं.

“न्हाई. सेफ्टीत घेतलंय. रोज सगळा प्लँट पायी फिरायचा. धोका दिसंल तितं उभं राहायचं आन चित्र काढायचं.”

“डाव्या हातानं?”

“व्हय. मॅडमला त्योच आवडला.”

राजेश्वरी खूष झाली. “उभं राहूनच काढायचं असतं पप्पा. नजर मोकळी राहते, आमच्या बाई म्हणतात.”

“तुज्या बाईंचा गुडगा बरा दिसतुया,” राजेंद्र म्हणाला.