मागच्या रांगेचे नाना

मूकनाट्य मध्येच थांबवून "मांगलासले आयकाले येस का?" असं विचारणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो आमच्या एरंडोलच्या कला मंडळाचा अध्यक्ष आहे. म्हणजे, मागच्यांना ऐकू येतंय का? नाना पहिल्या रांगेतून उठले, मागे वळले, तळहात कानामागे धरला आणि विचारलं. स्टेजवरचा कलावंत हवेतली भिंत चाचपत होता, तो बिचारा तसाच अवघडला. मागच्या रांगेनं वर्षानुवर्षांच्या सवयीनं एका सुरात सांगितलं, "हाव, येस!" नाना समाधानानं बसले आणि खेळ पुढे सुरू झाला.

आता यात नानांना तरी काय बोलायचं? आमचं कलाभवन म्हणजे पूर्वीचं जिनिंगचं गोदाम. वर पत्रे, खाली फरशी, आवाज एकदा सुटला की कोणाच्या हाती लागत नसे. नानांनीच तिथला उरलासुरला कापूस झाडून स्टेज बांधून घेतलं. पद्मालयाकडची माणसं कामं आटपून यायची, त्यांना मागेच जागा मिळायची. "पुढला तं गावनाच शेतस. मांगला तंगडतोड करीसन येतस," म्हणजे पुढचे गावातलेच, मागचे पायपीट करून येतात, हे नानांचं तत्त्वज्ञान. त्यापुढे भलेभले गवई आलाप अर्ध्यावर सोडून गप्प बसले. पुण्याचे एक बुवा तर तंबोरा गवसणीत घालून निघालेच होते. नानांनी त्यांना भरीत-पुरीच्या पंगतीला बसवलं. पुढे थंडी पडली की बुवांचाच फोन येऊ लागला. मंडळाच्या बैठकीतही गाण्यापेक्षा बामणोदच्या वांग्यांवर जास्त खल होई. काय दिवस होते ते! आता निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात.

यंदा हिवाळ्यात नवे स्पीकर आले आणि नानांचा प्रश्न बंद झाला. पहिली रांग सोडून ते थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसू लागले. म्हातारा स्पीकरवर रुसला, असं आम्ही धरून चाललो.

वार्षिक कार्यक्रमाला त्यांचा मुलगा विजय सुरतहून आला होता. आई गेल्यापासून "नाना, चला माझ्याकडे" हा त्याचा धोशा. कान-डोळे धड आहेत तोवर एरंडोल सोडणार नाही, हे नानांचं ठरलेलं उत्तर. विजय पहिल्या रांगेत बसला होता, मी मंडळाचा सचिव म्हणून माईकवर निवेदन करत होतो. एकाएकी माईक असा किंचाळला की सगळ्यांचे हात कानांवर गेले. फक्त शेवटच्या रांगेत नाना हसऱ्या चेहऱ्यानं, हात मांडीवर ठेवून बसून होते. सगळ्यांची तोंडं स्टेजकडे होती, त्यामुळे ते दिसलं मला एकट्यालाच.

मध्यंतरात मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. काही बोलायच्या आत त्यांनीच माझा चेहरा वाचला.

"भाऊ, समजनं ना तुले? डॉक्टरनी कानले मशीन देयेल शे. त्यामा नुसती पंखानी घरघर."

मग इथे मागे कशाला, असं मी हातानंच विचारलं.

"आठून बठ्ठास्न्या मुंड्या दिखतस. मुंड्या डोलन्यात का मी समजस, गानं रंगनं." म्हणजे मागून सगळ्यांच्या माना दिसतात, त्या डोलल्या की गाणं रंगलं हे त्यांना कळतं. मग माझा हात घट्ट धरून म्हणाले, "इजूले सांगू नको. सुरतमा मी कोनन्या मुंड्या देखू?"

ज्या माणसानं सगळ्या गावाला ऐकू यावं म्हणून गवयांशी वाकडं घेतलं, त्याच्या वाट्याला पंख्याची घरघर!

मध्यंतर संपलं. मी माईक हातात घेतला, तळहात कानामागे धरला आणि विचारलं, "मांगलासले आयकाले येस का?"

जुनी माणसं हसत मागे वळली. विजयही वळला. नानांनी माझा कानामागचा हात पाहिला आणि ताडकन उठून ओरडले, "हाव, येस!" आवाज जरा जास्तच मोठा लागला.

"नानाना कान आजून पक्का शेतस," विजय शेजारच्याला कौतुकानं म्हणाला.

गाणं सुरू झालं. मी स्टेजवरून उतरलो, नानांच्या पुढच्याच खुर्चीत जाऊन बसलो आणि शेवटपर्यंत मान डोलवत राहिलो.