शहाण्याची भूमिका एकच

कुटुंब ही समाजातील सर्वांत जुनी संस्था असून तिच्यात एका वेळी एकच सदस्य शहाणा असतो, याबद्दल दुमत नाही. तो कोण, याबद्दल मात्र दर घरात सदस्यसंख्येइतकी मते आढळतात.

आमच्या शेजाऱ्यांच्या धाकट्या मुलीला स्वतःच्या विक्षिप्त कुटुंबावर विनोदी चित्रपट काढण्यासाठी निर्माता मिळाला. अट अशी, की घरच्यांच्या भूमिका घरच्यांनीच करायच्या. नाही जमले, तर तिला पुन्हा लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओंतून जांभया देणारे पाहुणे कापत बसावे लागणार होते.

पात्रे पुढीलप्रमाणे : दुसऱ्याने बंद केलेला नळ पुन्हा बंद करणारे बाबा, नातेवाईक जितका लांब, तितक्या मोठ्याने फोनवर बोलणारी आई, फ्रिजलाही विश्रांती हवी म्हणून दुपारी त्याचा प्लग काढणारी आत्या, आणि घाईने मत बनू नये म्हणून आठवड्यापूर्वीचे वर्तमानपत्र वाचून ताजे वाद घालणारे काका. शिवाय एक शहाणा भाडेकरू. (तो बाहेरचा नट करणार होता. घरात तसे कोणी नाही, असे धाकटीचे मत. स्वतःला तिने मोजले नव्हते.)

पटकथा घरात सर्वांना आवडली. चौघांनीही भाडेकरूच्या भूमिकेवर हक्क सांगितला.

"नळवाला झकास जमलाय," बाबा म्हणाले. "करणार कोण?"

"बाबा, तो तुम्हीच आहात."

"मी नळ तपासतो. हा माणूस वेडा आहे!"

"दादा बरोबर बोलतोय," आत्या म्हणाली. "आणि ती फ्रिजवाली मी नाही हं करणार. लोक हसतील मला."

"मी कधी ओरडते फोनवर?" आईने विचारले. (हे समोरच्या इमारतीनेही ऐकले.)

वर्तमानपत्रवाला करण्याबद्दल काकांनी विचार करून सांगतो म्हटले. (आठवड्याने सांगितले : नाही.)

निर्माता रोज विचारू लागला. अखेर धाकटीने चौघांनाही, एकमेकांना कळू न देता, शहाण्याची भूमिका दिली. संवाद एकच : "या घरात मी कसा राहतो, माझं मला माहीत." (बायकांसाठी योग्य तो बदल.) प्रत्येकाने तो डोळ्यांत पाणी आणून म्हटला. धाकटी 'कट' म्हणाली. मग बाबा नळाकडे गेले, आत्या फ्रिजकडे, आईने फोन उचलला, काकांनी जुने वर्तमानपत्र उघडले. 'कट' म्हटल्यावर कॅमेरा बंद होतो, असा त्यांचा समज होता.

चित्रपट धो धो चालला. पहिल्या खेळाला चौघे एकाच रांगेत होते. इतर तिघांवर प्रत्येक जण पोट धरून हसला. स्वतःचा भाग प्रत्येकाला जरा लांबलेला, पण हृदयस्पर्शी वाटला.

धाकटी आता पुढच्या चित्रपटासाठी नवे कुटुंब शोधते आहे. वाचताना तुम्हालाही घरातले कोणीतरी आठवलेच असेल. तो चेहरा तुमचा नव्हता ना? मग अभिनंदन, तुमची निवड झाली आहे.

कट. आता नेहमीसारखे वागायला हरकत नाही.