भाचीच्या परीक्षेत माझा अंगठा

मी घड्याळं दुरुस्त करतो आणि माझ्या हातासारखा हात शोधून सापडायचा नाही! डोळ्याला दिसणार नाही असा स्क्रू मी नुसत्या चिमटीत धरतो. हल्ली तो सारखा निसटतो, पण तो दोष चष्म्याचा. फिजिओथेरपी शिकणाऱ्या भाचीला परीक्षेसाठी एक निरोगी हात हवा होता, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "वेडाबाई, घरचा हात असताना बाहेर कशाला शोधतेस?"

काम सोपं होतं. मी डोळे मिटायचे, भाची टाचणी टोचणार, मी "लागलं" म्हणायचं. मानेतून निघालेली कितवी नस तिथली खबर वर पोचवते, ते ती परीक्षक बाईंना सांगणार.

दंडाला टोचलं. "लागलं!"

"पाचवी. आता अंगठा," भाची म्हणाली.

आणि काहीच नाही! पोरीला मामाला टोचवेना! अशाने ती नापास होणार की! मी जीव तोडून ओरडलो, "आई गं! लागलं!"

"पुन्हा एकदा," बाई म्हणाल्या. मी पुन्हा कळवळलो.

"डोळे उघडा."

उघडले, तर टाचणी बाईंच्या हातात आणि भाची चार हात लांब! या वेळी कुणी टोचलंच नव्हतं!

"पढवून आणलंय का यांना?" बाई कडाडल्या. भाचीचे डोळे भरले.

"तिचा दोष नाही हो! ती टोचायला घाबरली, म्हणून मी आपला..."

"मामा, मी पहिल्यांदा चांगली जोरात टोचली होती!"

भाचीने टाचणी घेतली आणि मधल्या बोटाला टोचली.

"अगं मेलो!"

"सातवी शाबूत." मग करंगळी. मी खुर्चीतून उडालो. "आठवीही. बिघाड सहावीत आहे बाई, अंगठ्याला येते तिच्यात! मामा, हातातून वस्तू निसटतात?"

"स्क्रू. पण तो चष्मा..."

"चष्मा नाही, मान! दिवसभर वाकून बसता, नस दबलीये."

बाई पहिल्यांदाच हसल्या. भाची नुसती पास नाही, पहिली आली! तिनेच माझी मान सरळ केली, अंगठा जागा झाला. पोरीने माझे हात वाचवले, देव तिचं भलं करो. हे मी तिला सांगितलंही.

"मामा, उपकार तर तुमचे!" ती म्हणाली आणि फार आशेने माझ्याकडे बघू लागली. "पुढची परीक्षा गुडघ्यांची आहे. तुमचे गुडघे दुखतात का हो?"

तेव्हापासून मी जिना उगाचच चारदा चढतो-उतरतो. पण मेले अजून ठणठणीत आहेत!