जनकाबाईंनी कढई घासली

"दादा, छापून आलं!" करुणा फोनवर इतक्या जोरात ओरडली की जळबांनी मोबाईल कानापासून हातभर लांब धरला.

"काय आलं? फोटू?"

"फोटू न्हाई हो, माझं संशोधन! आपल्या कढईचं!"

करुणा विद्यापीठात शास्त्रज्ञ, आणि तिचे आईवडील, जळबा आणि जनकाबाई, वसमतजवळच्या गावात हळद पिकवणारे. घरची हळद शिजवायची जुनी लोखंडी कढई होती. तिला आतून काळपट पिवळा थर चढलेला. त्या थरात करुणाला उकळत्या पाण्यालाही दाद न देणारे जिवाणू सापडले, आणि हे जिवाणू असं एक रसायन बनवत होते की हळदीचा रंग उन्हातही विटेना. जीवशास्त्रवाले वा म्हणाले, रसायनशास्त्रवाले वा वा म्हणाले.

पण सुख म्हणून धड पचेल तर शपथ! निबंध छापून आला आणि इकडे प्रयोगशाळेतल्या नळ्यांमध्ये बुरशी शिरली, सगळे जिवाणू बाद झाले. बाहेरचे शास्त्रज्ञ तर नमुना मागत होते. नमुना दिला नाही तर करुणानं थापा मारल्या असं जगभर झालं असतं. आता जिवाणू उरले होते फक्त जळबांच्या कढईत. म्हणून ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. उत्तमसिंग राठोड आणि प्रयोगशाळेतल्या रीता मॅडम करुणासोबत गावी यायला निघाले.

"आई, ते कढई पाहायला येऊन राहिलेत," करुणानं फोनवर बजावलं. "काही करू नका. जसं हाय तसं राहू द्या."

"व्हय व्हय," जनकाबाई म्हणाल्या.

आता तुम्हीच सांगा, काही करू नका म्हटल्यावर आपल्याकडं कधी कुणी गप्प बसलंय? जो पाहुणा असं म्हणतो त्याच्यासाठी तर कोंबडं हमखास कापतात. जनकाबाईंनी फोन ठेवला आणि पदर खोचला. अंगण सारवलं, भिंतींना चुना दिला आणि मग मोर्चा वळवला कढईकडं. मोठमोठी माणसं येणार आणि बघणार काय, तर ही काळी कढई? राख, चिंच, विटेचा तुकडा, सगळं झालं. संध्याकाळपर्यंत कढईत तोंड दिसायला लागलं.

जळबा वैतागले. "अगं, काहून एवढी घासून राहिली?"

"तुमाला काय कळतंय? आन् ते तुमचं घाण गोणपाट आधी चुलीत घाला!"

हळद शिजताना कढईवर ओलं गोणपाट झाकतात. जळबांचं गोणपाट कितीतरी हंगामांचं जुनं, कडक, पापडासारखं झालेलं. ते चुलीत घालायचं म्हटल्यावर जळबांचं डोकं फिरलं. गोणपाट काखेत मारून ते जे शेतात गेले ते गेलेच.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात आली. करुणा आधी उतरली, कढईकडं धावली आणि मटकन खाली बसली.

"आई! हे काय केलंस गं?"

"चांगली दिसती का न्हाई?" जनकाबाई कौतुकानं म्हणाल्या.

रीता मॅडमनी तरी कानाकोपऱ्यातून खरवडून बघितलं. त्यावर औषधाचा थेंब टाकला. जिवाणू असतील तर रंग जांभळा व्हायला हवा होता. कसलं काय! पिवळाच राहिला. डॉ. उत्तमसिंग खाकरले आणि आभाळाकडं बघू लागले. करुणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जसं हाय तसं राहू द्या म्हणलं होतं ना मी? माणसं म्हणतात तेवढंच करत जा गं आई!"

जनकाबाईंचं तोंड एवढंसं झालं. "म्या तर तुझ्यासाठीच केलं, लेकरा. लई चुकलं."

करुणानं डोळे पुसले आणि ती एकदम थबकली. वाफ! कढईतली वाफ वर जाऊन बसायची कशावर?

"दादांचं गोणपाट कुठंय?"

"घेऊन पळालेत शेतात."

मग काय, सगळी वरात शेताकडं! पुढं करुणा, मागं राठोड सर धापा टाकत. जळबा लिंबाखाली गोणपाटावर बसले होते. एवढी माणसं धावत येताना पाहून त्यांनी ते घट्ट धरलं.

"न्हाई देणार! जाळू देणार न्हाई म्हणजे न्हाई!"

"दादा, जाळायचं न्हाई, पूजा करायची त्याची!"

रीता मॅडमनी कोपरा खरवडला, थेंब टाकला. रंग जांभळा! असा गडद जांभळा की राठोड सरांनी जळबांना मिठीच मारली. सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकात तर जिवाणूंची जत्राच भरली होती. करुणा आनंदानं वाफ्यातच नाचायला लागली.

सगळे घरी परतले तेव्हा चुलीवर गावरान कोंबडा रटरटत होता आणि वास पार वेशीपर्यंत गेला होता.

"जेवूनच जा आता," जळबा म्हणाले.

"छे छे, जेवणाचं काही करू नका," राठोड सर रीतीप्रमाणं म्हणाले आणि बाजेवर ऐसपैस मांडी घालून बसले.

बराच वेळ गेला. आतून ताट येईना, तांब्या येईना. राठोड सरांनी दोनदा खाकरून पाहिलं. शेवटी बिचारे उठले आणि गाडीत जाऊन बसले. नमुना घेऊन गाडी निघाली तशी करुणा आत धावली.

"आई, पाहुणे उपाशी गेले की गं!"

जनकाबाई कोंबड्याच्या पातेल्यावर झाकण ठेवून शांत बसल्या होत्या.

"तेच म्हणले ना, काही करू नका? आता म्या माणसं म्हणतात तेवढंच करते, बाई."