आपद्ग्रस्तांची तीव्र टंचाई

गगनबावड्याकडच्या एका वाडीवर ऐन जानेवारीत वादळ आलं, टपाटपा गारा पडल्या आणि तानाबाईच्या घरावरचे पत्रे उडून थेट उसात गेले. वाडीतलं नुकसान एवढंच. तानाबाई शेजारच्या चिमणाबाईच्या चुलीपाशी जाऊन बसली. विषय तिथंच संपायचा.

पण तोवर शाळेत निवारा केंद्र उघडलं होतं, आणि उघडलेलं केंद्र रिकामं ठेवणं नियमात बसत नव्हतं. ग्रामसेवक स्वतः तिला न्यायला आले.

"हितं ऊब हाय की सायेब," तानाबाई म्हणाली.

"ती खाजगी ऊब झाली, मावशी. शासकीय ऊब शाळेत आहे."

शाळेच्या खिडक्यांना काचा नव्हत्या. केंद्राचा फलक मात्र भक्कम होता.

मदतीच्या बाबतीत कोल्हापूर कुणाला ऐकत नाही. दुपारी पहिला टेम्पो आला. शहरातल्या एका तरुण मंडळाचा अध्यक्ष बाळासो उडी मारून उतरला.

"आपद्ग्रस्त कुठं हायत?"

"मी हाय की."

"आन् बाकीचे?"

"म्हस हाय. पण तिचा गोठा शाबूत हाय."

बाळासोचा चेहरा उतरला. टेम्पो गच्च भरलेला, फोटोग्राफर भाड्यानं आणलेला. अखेर त्यानं एकच चादर तिला निरनिराळ्या बाजूंनी दिली. तोवर मागं दुसरं मंडळ येऊन थांबलं होतं, त्याच्यामागं महिला मंच, त्याच्यामागं हास्य क्लब. एरवी आपद्ग्रस्त मदतीच्या रांगेत उभे राहतात. इथं मदत आपद्ग्रस्ताच्या रांगेत उभी होती, आणि मध्येच घुसण्यावरून बाचाबाचीही झाली.

प्रत्येक नवा दाता आधीच्याची चादर काढायला लावी. "आक्का, गरज दिसंना की फोटोत!" सकाळपर्यंत ठणठणीत असलेली तानाबाई संध्याकाळी सटासट शिंकू लागली. महिला मंचाच्या संयोगिताताई हरखल्या. "अगदी अशीच अजून एक शिंक द्या. व्हिडिओ चालू करते."

एवढ्यात झाड पडून रस्ता बंद झाल्याची बातमी आली. मदतकर्ते अडकले. मदतीत आलेलं फरसाण त्यांनीच संपवलं होतं. थोड्या वेळानं बाळासो खाली मान घालून आला.

"आक्का, जेवणाचं कसं करायचं?"

"बसा पावणं. पिठलं-भाकरी चालंल न्हवं?"

चिमणाबाईनं भाकऱ्या बडवल्या, तानाबाईनं पिठलं हाटलं. मग तिनं सगळ्या चादरी काढून एकेका दात्याच्या अंगावर घातल्या. हास्य क्लबाचे दात वाजत होते. केंद्र खच्चून भरलेलं पाहून ग्रामसेवकांना भरून आलं.

"मावशी, क्षमता संपली," ते म्हणाले. "तुमची सोय तुम्ही बघा."

तानाबाई पळतच चुलीपाशी गेली.

सकाळी रस्ता मोकळा झाला. दाते निघाले तेव्हा तिनं विचारलं, "पत्रं कुणी आणल्यात व्हय?"

"पत्रा हातात दिलेला फोटो बरा दिसत न्हाय, आक्का," बाळासो म्हणाला आणि टेम्पोत चढला.

चिमणाबाईच्या पोरानं, आकारामनं, आणि वाडीतल्या गड्यांनी उसातले पत्रे हुडकून आणले आणि ठोकून बसवले. चहा उकळायच्या आत घर पुन्हा घर झालं.

तोवर शिंकेचा व्हिडिओ मात्र जिल्हाभर फिरला होता. तुम्हीही तो पाहिलात. गहिवरलात, पुढं पाठवलात, आणि तेवढ्या उमाळ्यात घरातला माळाही उपसलात. म्हणून पुढच्या रविवारी वाडीवर आणखी टेम्पो आले. त्यातला बाही उसवलेला, बटणं तुटलेला स्वेटर तानाबाईनं म्हशीच्या पाठीवर टाकून बघितला.

म्हशीनं तो झटकून टाकला. तुमचाच होता.